एकोणीस मिनिटं मागचं लग्न

मंडपात माणसं दोनशे चौदा होती, खुर्च्या नव्वद, टेबलफॅन दोन, स्पीकर एक, आणि बौद्धाचार्य शून्य.

साडेअकराचं लग्न होतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी बौद्धाचार्य नागोरावांचा फोन आला, की एसटी बंद पडली, सकाळी कामाला गेलेले ते अजून दिग्रसच्या स्टँडवरच आहेत. दिग्रस मंडपापासून नऊ किलोमीटर. फोन ऐकून इंदूबाई मंडपाच्या खांबाला टेकल्या.

"भाऊजीशिवाय माह्या ममताचं लग्न लागत नाही," त्या म्हणाल्या.

याला कारण होतं. ममताची सोयरीक नागोरावांनीच जुळवली होती. गेल्या हंगामात बोंडअळीनं गावाचा कापूस खाल्ला तेव्हा लग्न पुढं ढकलायचं दोन्ही घरांत ठरतच आलं होतं. नागोराव सायकलनं दोनदा दिग्रसला नवरदेवाच्या घरी गेले आणि समजावून आले, की बँड नको, घोडा नको, वरण-भात-भाजी पुरे, पोरंपोरी खोळंबवू नका. ज्यानं लग्न वाचवलं, त्यानंच ते लावावं, असं इंदूबाईंच्या मनानं घेतलं होतं.

नवरदेव राजदीपचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, मात्र तयारीनं आले होते. त्यांच्या खिशात वंदनेचं पुस्तक होतं. ते त्यांनी आता बाहेर काढलं आणि चष्मा पुसला.

"आमची गाडी दोन वाजता परत जाते जी. आचार्य नसन तर मी म्हणतो. मले बी येते."

"थांबा!" ममताचा भाऊ संघदीप पुढं झाला. तो बीएस्सी झालेला होता आणि त्यानं मोबाइलसाठी एक अ‍ॅप बनवलं होतं. कृषी सहायकानं आपल्या फोनवर बोलायचं आणि शेतकऱ्यांनी ते त्याच वेळी आपापल्या फोनवर ऐकायचं, असं ते अ‍ॅप. तालुक्यातले एकतीस जण त्यावर बोंडअळीचा सल्ला ऐकत. नागोरावांच्या फोनमध्येही त्यानंच ते टाकून दिलं होतं.

"काका स्टँडवरून म्हणतील, अन् आवाज इथं स्पीकरवर येईन."

"मंग साधा फोनच लाव ना बापा," इंदूबाई म्हणाल्या.

"आई, फोनचा आवाज किरकिर करते. माह्या अ‍ॅपचा आवाज पहाय कसा येते, खणखणीत!"

त्यानं आपला फोन स्पीकरला जोडला. अकरा चाळीसला नागोरावांचा आवाज स्पीकरमधून खरंच खणखणीत आला. मंडप हात जोडून उभा राहिला. नागोराव एक ओळ म्हणत, थांबत. मंडप ती ओळ म्हणे. मोठेबाबांनी पुस्तक खाली केलं. संघदीपला वाटलं, विज्ञान विषय घेतल्याचं आज चीज झालं.

मग त्याचा फोन वाजला आणि नागोराव ओळीच्या मध्यावर गप्प झाले.

अ‍ॅप करताना संघदीपनं एक सोय मोठ्या विचारानं केली होती. ऐकताना कुणाचा फोन आला, तर आवाज थांबेल आणि बोलणं संपलं की जिथं थांबला तिथूनच पुढं सुरू होईल. सल्ल्यातला एक शब्दही गळू नये, म्हणून. औषधाचं प्रमाण ऐकणाऱ्याला ही सोय उत्तम होती.

फोन राळेगावच्या मामांचा होता. नवरीचा मामा. त्याचा फोन लग्नाच्या दिवशी कापला, तर पुढची सात वर्षं तो त्या घरचं पाणी पीत नाही.

"भाचा, आमची गाडी दारव्ह्यात उभी हाय. ड्रायव्हर चहा पिऊन राह्यला. मी आल्याशिवाय लावून तं नाही टाकलं ना?"

"नाही मामाजी, तुम्ही या आरामात."

"आरामात कायले? तुले मी नकोच दिसतो!"

त्यांची समजूत घालायला तीन मिनिटं लागली. नागोराव मधल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाले. मंडप पुन्हा म्हणू लागला. पंचशीलातल्या तिसऱ्या शीलावर मामा परत आले. ड्रायव्हरचा चहा संपला होता. चौथ्यावर मामांनी विचारलं, की सीटवर कोणाचं तरी कोंबडं बसलं आहे, त्याचं तिकीट असतं का. प्रत्येक वेळी दोनशे चौदा माणसं हात जोडून थांबत.

"पोरगं उभ्या उभ्या वाळून राह्यलं," राजदीपची मावशी म्हणाली.

चौथ्या फोनानंतर संघदीपनं मनात बेरीज केली. दर फोनागणिक आवाज मागं पडत होता. इथं पाचवं शील चालू होतं, तिकडं काका केव्हाच हार घालायला सांगून मोकळे झाले असणार. बटण दाबून आवाज ताज्या जागेवर आणता आला असता. पण मग वधूवरांच्या प्रतिज्ञा गळाल्या असत्या, आणि लग्न लागलं की नाही ते कोणालाच सांगता आलं नसतं.

"काहून रे, तोंड काहून पडलं?" ममतानं हळूच विचारलं.

"काही नाही. तू म्हण."

मामांचा सातवा फोन संपवून तो वळला, तोच मंडपासमोर लालसिंगची काळीपिवळी जीप थांबली. बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. जीपमधून नागोराव उतरले, पांढरा सदरा सारखा केला आणि लगबगीनं आत आले.

"झालं ना सारं नीट?" असं ते विचारणार, तेवढ्यात स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला, की वरानं आता प्रतिज्ञा म्हणावी. नागोराव दचकले. मग आचार्यांचा मान राखायचा म्हणून त्यांनीही हात जोडले आणि मंडपाबरोबर स्वतःच्या मागून म्हणू लागले.

हार घातले गेले. फुलं पडली. टाळ्या झाल्या. संघदीपनं स्पीकर बंद करायला हात पुढं केला, तर स्पीकरच बोलला.

"लालसिंगभाऊ, हाण गाडी, बापा."

नागोरावांनी खिशातला फोन काढून पाहिला. त्यांनी आवाज पाठवणं बंदच केलं नव्हतं.

"एसटी कायची बंद पडते! मीच बाकड्यावर झोपलो, दोन गाड्या गेल्या," स्पीकर बोलतच होता.

"भाऊजी!" इंदूबाई म्हणाल्या.

"बंद कर, पोरा," नागोराव कुजबुजले.

ममतानं संघदीपचा फोन आधीच उचलला होता आणि मुंडावळ्यांसकट दोन पावलं मागं सरकली होती. "राहू दे, दादा."

"तिकडं तो मोठेबाबा पुस्तक काढून टपून बसला असन," स्पीकर म्हणाला. मोठेबाबांनी पुस्तक खिशात घातलं. "रातभर घोकत होतो, लालसिंग. साठीनंतर जिभेचा भरवसा नाही. बाकीच्यांच्या लग्नात चुकलो तं चुकलो, इंदूबाईच्या पोरीच्या लग्नात एक अक्षर इकडचं तिकडं नको."

"काहून? सोयरे हायेत काय?" लालसिंगचा आवाज.

"सोयरे नाहीत. दोन सालं माह्या वावरात बोंड नाही फुटलं. ही बाई या पोरीच्या हातून डबा पाठवे. म्हणे, आमच्या इथं जास्त झालं. त्या घरी जास्त कायचं होते, सांग! म्या डबा घेतला, आभार काही मानले नाही. तोंडच उघडे ना. आता तिच्यासमोर तं जमणार नाही, म्हणून तुले सांगून राह्यलो."

नागोराव सदऱ्याची बटणं मोजत उभे होते. इंदूबाईंनी पदरानं डोळे टिपले, स्वयंपाकाच्या बाजूला गेल्या आणि ताट वाढून आणलं.

"बसा भाऊजी. आज खरंच जास्त झालं."

नागोराव बसले. मोठेबाबांनी त्यांच्यापुढं पाण्याचा गडू ठेवला आणि शेजारीच मांडी घातली.

संघदीपनं ममताच्या हातातून फोन घेतला. आवाज एकोणीस मिनिटं बारा सेकंद मागं होता.