टेस्टिंग चाललंय!

"अगो भावना, पोरगी गप्प बसली का तू धावतेस ना? तशी सासऱ्याकडेपण धावत जा. गोपीनाथ गप्प झाला म्हणजे काहीतरी उचलतोय!"

शेजारच्या बिट्रिस आंटींनी असं बजावलेलं, आणि मी चक्क हसले. अख्ख्या कोपरी गावात माझ्याइतकी सावध आई शोधून सापडणार नाही! दीड वर्षाच्या दिशासाठी मी टेबलाच्या कोपऱ्यांनाही फोम लावलाय. सासरे काय, रांगतात थोडेच?

माझा जीव अडकलेला तो घरापुढच्या ओट्याच्या कडेवरच्या दगडी डोणीत. घरच्या म्हशी गेल्या, पण त्यांची पाणी प्यायची डोणी राहिली. तिच्यात पाणी साचायचं आणि दिशा सारखी आत वाकायची.

"हलवा ना ती!" मी रोज म्हणायचे.

"क्रेन बोलवू का मॅडम?" नवरा दिपेश रोज हसायचा.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, क्रेन बनवली! दिराच्या हळदीच्या मांडवाचे उरलेले तीन बांबू तिवईसारखे उभे, वर विहिरीची कप्पी, तिच्यातून दोर. एक टोक डोणीला. दुसरं? हातातून सुटू नये म्हणून स्वतःच्या कमरेला! मग पायाने डोणी ओट्यावरून ढकलली. डोणी खाली, बाबा वर!

मी दिशाला झोपवून खिडकीत आले, तर बाबा देवळातल्या घंटेसारखे अधांतरी डोलतायत.

"बाबा! हे काय?"

"टेस्टिंग चाललंय," ते घाईघाईने म्हणाले. "चहा ठेव."

आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली मी चहा ठेवायला गेले!

आधण येतंय तोच कुंपणावरून हाक आली, "अगो, सासरा वाळत घातलास काय? तोंड बघ त्याचं, काळं पडलंय!"

धावले. बाबांना खरंच श्वास घेता येत नव्हता. आंटी नारळाचा कोयता घेऊनच आल्या.

"थांब बिट्रिस! खाली... फरशी..." बाबा कसेबसे म्हणाले.

मी घरातलं मऊ ते सगळं आणून रचलं. दिशाच्या मॅट, उशा, भलामोठा टेडी. याच पसाऱ्याला बाबा रोज म्हणायचे, "नात आहे का काचेची बरणी?" आंटींनी डोणीजवळ दोरावर कोयता मारला. धप्प! बाबा थेट टेडीच्या मांडीत.

डोणी अंगणात उपडी पडलेली.

"मुद्दाम उपडी टाकली," कंबर चोळत बाबा म्हणाले. "आता पाणी साचायचं नाही. पोरगी सेफ."

मला रडूच फुटलं. माझी भीती अख्ख्या घरात याच एका माणसाने खरी मानलेली! तो चहा आंटींना दिला, दोन कप. आभार कमीच पडले.

तुमच्याकडचे बाबा आत्ता कुठेयत? बराच वेळ आवाज नसेल तर हे वाचणं राहू दे, अंगणात डोकावून या. वरपण बघा. आणि "टेस्टिंग चाललंय" म्हणाले, तर प्लीज, चहा ठेवू नका!