न वाजणारं फाटक

भांडारपालाची नोकरी गेली त्या दिवशी कंपनीने त्याला निरोपादाखल वंगणाच्या स्प्रेचं एक खोकं दिलं. गोदामात द्यायला दुसरं काही उरलंच नव्हतं. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी ती कंपनी बंद पडली आणि उभी हयात स्क्रू आणि वॉशर मोजण्यात घालवलेला हा माणूस खोकं खांद्यावर घेऊन घरी आला. हे काय, असं आईने दारातच विचारलं. चांगल्या कामाबद्दल बक्षीस मिळालं, असं तो म्हणाला, आणि तिथेच फसला.

दुसरं काम मिळेपर्यंत आईला काही सांगायचं नाही, असं नवराबायकोने ठरवलं. तिची प्रकृती नाजूक आहे, हे कारण दोघांनी एकमेकांना दिलं. वास्तविक आईची प्रकृती त्या दोघांपेक्षा ठणठणीत होती. खरं कारण एवढंच की, तिच्यासमोर उभं राहून ते सांगण्याची त्याला लाज वाटत होती. आमच्या मुलाशिवाय कंपनीत पान हलत नाही, असं तिने गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

मग रोजचा एक शिरस्ता सुरू झाला. सकाळी तो डबा घेऊन निघे आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसे. बायको दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर होती, ती त्याच्यामागोमाग कामाला जाई. थोड्या वेळाने आई वाचनालयाकडे जाताना दिसली की हा खांबाआड होई आणि ती पुढे गेली की घरी परते. घरी बसून नोकरीचे अर्ज पाठवी. दुपारी आई परत आली की अंगणाचं फाटक असं काही किंचाळे की मुडदासुद्धा उठून बसावा. तेवढ्या अवधीत हा चपला उचलून मागच्या दाराने पसार. संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी बाकावर बसायचं आणि मग दमून घरी यायचं. नोकरीवर असताना तो इतका कधी दमला नव्हता.

पण अर्ज लिहून लिहून किती वेळ लिहिणार? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, याच्याकडे तर खोकंभर स्प्रे होते. आधी त्याने कपाटाचा अडणारा खण मोकळा केला. मग खिडकी. मग बरण्यांवरचे चिकट कागद सोडवले. एकात एक अडकून बसलेले स्टीलचे दोन पेले घरात कित्येक वर्षं एकच पेला म्हणून वापरात होते. त्याने मध्ये फुस्स करून फवारा मारला, थोडं थांबून पिळलं आणि पेले सुटे झाले. त्या दिवशी त्याला नोकरी लागल्याइतका आनंद झाला. त्याने ते साबणाने घासून फळीवर शेजारी शेजारी मांडले.

संध्याकाळी आईने पेल्यांकडे पाहिलं. हे कुणी केलं म्हणून विचारलं. बायको म्हणाली, मी केलं, सकाळी, सहज. दोन दिवसांनी आईचं शिलाई मशीन लोण्यासारखं चालायला लागलं, तेव्हा बायकोला बोलण्यात एक दुरुस्तीवाला आणावा लागला. तो कधी आला? तुम्ही वाचनालयात होतात तेव्हा. आणि तू कामावर नव्हतीस? अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. त्याच दिवशी सकाळी आईने वाचनालयातून हिला दवाखान्यात फोन करून गोळ्या आणायला सांगितल्या होत्या, हे हिच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं. आई नुसतं “बरं” म्हणाली.

आई झोपायला गेल्यावर बायकोने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

“अहो, नोकरी गेल्याचं मी लपवीन एक वेळ. पण तुम्ही घरात असल्याचं कसं लपवू? आता घरातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही.”

त्याने शब्द दिला, आणि पाळलाही. दुसऱ्या दिवशी त्याने घरातल्या कशालाही हात लावला नाही. तो अंगणात गेला. बाहेरचं कोण बघतंय, असा त्याचा हिशेब. बाहेर फाटक होतं. गोदामात त्याचा एक नियम असे, जे जास्त वाजतं ते आधी हाती घ्यायचं. त्याने बिजागऱ्या घासल्या, फवारा मारला, फाटक पुढेमागे केलं, पुन्हा मारला. शेवटी फाटक एका बोटाने हलायला लागलं आणि त्याचा हूं की चूं आवाज येईना. उरलेला स्प्रे वाया कशाला घालवायचा म्हणून त्याने मागच्या दाराशी पडलेले चपलांचे काळे डाग काढले. रोजच्या पळापळीतले ते डाग, म्हणजे पुरावाच. डाग गेले आणि फरशी आरशासारखी झाली. मग हातपाय धुऊन तो बनियनवरच आईच्या आरामखुर्चीत बसला, फाटक वाजलं की उठू म्हणून, आणि त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा आई समोर उभी होती. हातात पिशवी, पायात चपला.

शहाणा माणूस अशा वेळी काहीतरी बोलला असता. हा उठला आणि सवयीने मागच्या दाराकडे धावला. तिथे, आई बघत असताना, त्याच्या पायाखालची जमीन खरोखरच सरकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“लागलं का?” आईने विचारलं.

“नाही.”

“मग ऊठ.”

तो उठून बसला, पण फरशीवरच. आज कंपनीला अर्धी सुट्टी होती, असं त्याने सुरू केलं आणि आईचा चेहरा बघून सोडून दिलं.

“नोकरी गेली,” तो म्हणाला. इतके दिवस घशात अडकलेलं वाक्य दोन शब्दांचं निघालं.

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“पेले सुटले तेव्हापासून. नोकरीला जाणाऱ्या माणसाला घरातलं असलं काही दिसत नाही रे. इतकी वर्षं तू त्याच पेल्यातून पाणी पीत होतास.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले.” आई खुर्चीत टेकली आणि पाय चोळायला लागली. वाचनालयातलं तिचं वाचन तासाभरात होई. पुढे दुपारपर्यंत ती तिथे नुसती पंख्याखाली बसून राही, याला घरात बसता यावं म्हणून. तिथला शिपाईसुद्धा आता तिच्याकडे संशयाने बघायला लागला होता.

“आणि आत येण्याआधी फाटक चांगलं दोनतीनदा वाजवायचे,” ती म्हणाली, “तुला चपला घालायला वेळ मिळावा. आज किती हलवलं, वाजेचना. अंगणात उभं राहून खोकलेसुद्धा. तू घोरत होतास.”

त्याला हसायला आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. आईने ते न पाहिल्यासारखं केलं. दोघं मिळून जेवली. भर दुपारी घरी बसून जेवताना त्याला कित्येक दिवसांनी घास गोड लागला. आता सगळं संपलं, बायको आली की तिलाही सांगून टाकू, असं तो म्हणाला.

“तिला काही सांगायचं नाही,” आई म्हणाली. “ती बिचारी माझ्याशी इतकं मन लावून खोटं बोलते. मला सगळं ठाऊक होतं हे कळलं तर केवढी ओशाळेल. तुला काम मिळू दे, मग बघू.”

बायकोची यायची वेळ झाली तशी आईने रिकामा डबा त्याच्या हातात दिला आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. फाटक निमूट उघडलं.

“दिवेलागणीला ये,” ती म्हणाली. “आणि जरा दमल्यासारखा ये, तिला संशय नको.”

तो बसथांब्याकडे चालू लागला. तेवढं त्याला मुद्दाम करावं लागणार नव्हतं.