मामाचा उजवा हात

अमोआकोचं चित्रकलेवर कधीच प्रेम नव्हतं. प्रेम होतं ते बादूमामाच्या कापडाच्या दुकानावर. मामाला मूलबाळ नाही, आणि त्यांच्या कुमासी शहराच्या रिवाजाने मामाची इस्टेट जाते बहिणींच्या लेकरांकडे. लेकरं दोनच: अमोआको आणि त्याची मावसबहीण अफ्रिये. पत्र्यावर सुई घासून अख्खं दुकान मिळत असेल, तर कोण कलावंत होणार नाही?

मामाच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी तो सेरवाबाईंकडे तांब्यावर चित्र कोरायला शिकू लागला. पत्र्याला मेण, मेणावर सुईने रेघा, मग पत्रा ॲसिडात. खाल्लेल्या रेघांत शाई भरून कागद दाबला, की चित्र तयार.

"पत्र्यावर उलटं काढा हं, दादा," बाई म्हणाल्या. "छापताना डाव्याचं उजवं होतं."

"बाई, विमा कंपनीत जन्म गेला माझा. डावं-उजवं मला कळतं!"

कळत असल्यामुळेच त्याने मामाचा फोटो होता तसाच गिरवला: पाहुण्यापुढे पेला धरणारा मामा. छाप निघाला तेव्हा सुरकुत्यांवर तो इतका खूश झाला, की हाताकडे बघायचं राहूनच गेलं.

वाढदिवशी भरल्या अंगणात चित्रावरचा कपडा सरला.

"अगंबाई!" अफ्रियेचा आनंद लपेना. "मामा पाहुण्याला डाव्या हाताने देतायत!"

"डावा हात कशासाठी असतो, ते आईने शिकवलं नाही वाटतं याला," एक म्हातारी पुटपुटली.

मामा उठून आत गेला. वडीलधाऱ्यांनी तिथेच दंड ठरवला: एक मेंढा, दोन बाटल्या जिन. अमोआकोने दंड भरला, चित्र चौकटीसकट उकिरड्यावर फेकलं, पत्रा घासून कोरा केला आणि या खेपेला शहाण्यासारखं उलटं काढलं.

महिन्याभराने नवं चित्र बघून मामाने अफ्रियेसमोरच विचारलं, "हा कोण?"

"तुम्हीच की, मामा! उजव्या हाताने."

"माझ्या आईनेही हेच केलं. डाव्याला फडकं बांधून बांधून मला उजवा केला. पहिल्या चित्रात मी मला सापडलो होतो रे. डोळे भरले म्हणून आत गेलो, तर तू ते फेकलंस!"

"पुन्हा छापतो, मामा! आत्ता—" अमोआकोला घासलेला पत्रा आठवला.

"राहू दे. अफ्रियेने ते उकिरड्यावरून उचलून जपलंय. परवा गेलो होतो तिच्याकडे. रोज सकाळी नजरेस पडावं म्हणून पोरीने अंगणातच लावलंय."

"घरात जागा नव्हती, मामा," अफ्रिये खाली बघत म्हणाली. अंगणात तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याला भलं मोठं भोक होतं, हे तिने सांगितलं नाही.

हिशेब असा झाला: मेंढा अमोआकोचा, जिन अमोआकोची, दुकान अफ्रियेचं. चित्र मामाच्या भिंतीवर गेल्यामुळे खुराड्याचं भोक पुन्हा उघडं पडलं, म्हणून तिने अमोआकोकडून तांब्याचा पत्राही नेला. त्यातून छापला जाणारा उजवा मामा तसाही कुणाला नकोच होता.