तिसऱ्या गाळणीचं डिपॉझिट

धारूरच्या घाटात, दुसऱ्या वळणावर, मोहनराव मास्तरांची गाडी विचार करू लागली. बंद पडली नाही. इंजिन चालू होतं, दांडा 'डी'वर होता, मास्तरांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. पण गाडी नुसतीच घूं घूं करत जागेवर थांबली आणि मग अचानक असा हिसका देऊन निघाली, की सत्यभामाबाईंच्या मांडीवरचं माहेरचं दही त्यांच्या पदराला भेटून आलं.

"अवो, उचकी लागली का काय हिला?"

"चढ आहे," मास्तर म्हणाले.

"चढ काय आज बांधला? मागल्या महिन्यात तर गपगुमान चढली हुती."

ही गाडी मास्तरांचा जीव की प्राण होती. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच ते मोटारसायकलवरून पडले आणि डाव्या गुडघ्यात सळई बसली. मग घाटनांदूरहून कुठे निघायचं तर वडाप जीप. जीपवाला ओरडायचा, "मास्तरचा पाय वाकत न्हाई, फुडची शीट सोडा रे!" आणि तीन धडधाकट माणसं खाली उतरायची. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांना बाकावर उभं केलं, त्या माणसासाठी लोक जागा सोडून उठायला लागले, हे मास्तरांच्या मनाला फार लागायचं. शेवटी त्यांच्या लेकीनं, आरोहीनं, पुण्याहून ही वापरलेली ऑटोमॅटिक गाडी आणून दिली. हिच्यात डाव्या पायाला कामच नाही हे कळल्यावर मास्तर तिच्या प्रेमातच पडले. गावात तिला 'बिनक्लचची' म्हणत.

दह्याची बातमी त्याच दिवशी पुण्याला पोचली. आरोहीचा फोन आला.

"बाबा, घाटात अडकला असतात तर? मी रविवारी येतेय. तोवर गाडी नीट झाली तर ठीक, नाहीतर मी ती घेऊन जाणार आणि विकून टाकणार."

आरोही एकदा बोलली की मागे हटत नसे. हा गुण तिनं वडिलांकडूनच घेतला होता, त्यामुळे मास्तरांना तक्रारही करता येईना.

परमेश्वर मिस्त्रीचं गॅरेज बाजारतळाच्या कडेला होतं. त्यानं गाडी चौथऱ्यावर चढवली, खाली शिरला आणि गिअरबॉक्सच्या बुडाचं ताट सोडायला सुरुवात केली. ताट जड, तेलानं भरलेलं. नेमका तेव्हाच गावात शेळ्या राखणारा सिदू कळप घेऊन तिथून चालला होता. गोठ्याच्या लाकडी मेढींना वाळवी लागली होती म्हणून जळकं तेल मागायला तो थांबला, आणि परमेश्वरनं त्याला ताट धरायला लावलं. पंधरा मिनिटं सिदू ताट धरून बसला होता आणि वर बसवलेल्या काळ्या चपट्या वस्तूकडे टक लावून बघत होता.

"ही तेलाची गाळणी," परमेश्वरनं ती काढून मास्तरांना दाखवली. "पार तुंबली. तेलच ओढीना, मंग गाडी विचार करणार न्हाई तर काय? नवी लागंल. पण मास्तर, ह्या गाडीला तीन तऱ्हेच्या गाळण्या येतेत. दिसायला सारख्या, तिन्ही बसतेत. पण चुकीची बसवली तर हवा ओढती आन गिअरबॉक्सच जातो."

"मग आपली कुठली?"

"नंबर मळाखाली गेलाय. घासून बघा सावकाश. जुना पार्ट मालकाच्या हातात, हा आपला नियम हाय."

हा नियम परमेश्वर गेली वीस वर्षं पाळत होता. आपण खरंच पार्ट बदलला, याचा पुरावा गिऱ्हाइकाच्या घरात असावा, एवढंच त्याचं म्हणणं. असा सच्चा मिस्त्री शोधून सापडणार नाही. त्यानं गाळणी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि जाता जाता मोबाईलवर एक फोटोही काढला.

मास्तरांनी पुडकं ओसरीवर ठेवलं आणि रॉकेल आणायला गेले. परत आले तर ओसरी स्वच्छ.

"इथलं पुडकं कुठंय?"

"ते घाणेरडं तेलकट? शहादेव भंगारवाला आलता. रद्दीबरोबर देऊन टाकलं." सत्यभामाबाईंनी हात पुढे केला. हातात लाल दांड्याची चहाची गाळणी होती. "ही घेतली त्याच्याकडनं."

"अगं, ती गाडीची गाळणी होती!"

"मंग गाळणीच आणली की मी. नवी हाय, बिघडलं कुठं?"

मास्तर शहादेवला गाठायला धावले, म्हणजे लंगडले. पण तो केजच्या बाजाराला निघून गेला होता आणि त्याचा फोन बंद होता. परमेश्वरच्या मोबाईलमधला फोटो बघितला, तर त्यात गाळणी धूसर, परमेश्वरचा अंगठा मात्र अगदी स्पष्ट आला होता.

लातूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानदारानं शहाणपणा करून तिन्ही गाळण्या एस.टी.च्या पार्सलनं पाठवल्या. लागेल ती ठेवा, बाकीच्या परत करा, पण तेल लागलेली परत घेणार नाही, असा निरोप दिला. म्हणजे घालून बघायची सोय नव्हती. शनिवारी सकाळी परमेश्वरच्या टेबलावर तिघी शेजारी शेजारी मांडल्या. तिघी काळ्या, तिघी चपट्या. मापलं तर एक-दोन मिलिमीटरचा फरक, पण जुनीचं माप कुणी घेतलं होतं?

आणि अशा नाजूक वेळी विजयसिंह आले.

विजयसिंह पंचायत समितीचे माजी सभापती आणि मास्तरांचे एके काळचे पहिल्या नंबरचे विद्यार्थी. माणूस मनानं मोठा. कुणाची अडचण दिसली की कोरडा बाजूला उभा राहायचा नाही. फक्त कुठलाही प्रश्न दिसला की त्याची सभा घ्यायची, ही त्यांना सवय होती.

"गुर्जी, तुमी काळजी करू नका. दहा माणसाचं डोकं येकापेक्षा बरं. परमेश्वर, मतदान घे."

"गाळणीचं?" परमेश्वर म्हणाला.

"आरं, सरपंच निवडता येतो, गाळणी कावून न्हाई?"

बघता बघता लिंबाखाली अकरा माणसं जमली. प्रत्येकानं तिन्ही उमेदवार हाताळले, फुंकर मारून बघितली, कानाजवळ हलवून बघितली. परमेश्वरनं मात्र मत द्यायला साफ नकार दिला. "चुकली तर उघडायचं मलाच हाय. मी तटस्थ." हात वर झाले. पहिलीला सात, दुसरीला चार. तिसरीचं डिपॉझिट जप्त झालं.

"पहिली बसव," विजयसिंह म्हणाले. "आन नारळ आणा कुणीतरी."

तेवढ्यात मागून आवाज आला. "ती न्हाई ती."

सिदू शेळ्यांसकट मागे उभा होता. त्याची एक शेळी दुसऱ्या उमेदवाराचं खोकं खात होती. सिदूनं तिला हाकललं आणि काठीनं लांबूनच दाखवलं.

"आपली ही तिसरी. कडंची."

"बे सिदू," विजयसिंह हसले, "चौथीला दोनदा बसलेला तू. अकरा माणसं खुळी हायत का?"

"मी कुठं तसं म्हन्लं? पण मी परवा पंधरा मिन्टं तिच्याकडंच बघत हुतो. तिचं नाक आखूड हुतं. आन उजवा कान थोडा खाली. हिचं बी तसंच हाय. ह्या दोघी परक्या हायत."

गाळणीला नाकासारखं पुढे आलेलं एक तोंड होतं आणि बोल्टसाठी दोन बाजूंना दोन कान होते, हे आता अकरा जणांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. परमेश्वरनं तिन्ही गाळण्या पोत्याखाली घातल्या, सरकवल्या, फिरवल्या आणि पोतं उचललं. सिदूनं तीच दाखवली. पुन्हा फिरवल्या. तीच. तिसऱ्यांदा विजयसिंहांनी स्वतः फिरवल्या, अगदी उलट्या पालथ्या करून. तरी तीच.

"हे जमतं कसं तुला?" मास्तरांनी विचारलं.

"रोजचंच हाय की गुर्जी. सांजच्याला चाळीस करडं सोडतो. जिचं तिला लावाया लागतंय. चुकीच्या शेळीखाली करडू घातलं तर ती लाथ मारती." सिदूनं गाडीकडे बघितलं. "ही बी मारंल."

सगळे मास्तरांकडे बघू लागले. एकीकडे सात मतं आणि पहिल्या नंबरचा विद्यार्थी. दुसरीकडे एकटा सिदू. चुकलं तर गाडी जाणार, आणि पुन्हा ती जीप, पुन्हा तीन माणसांचं उतरणं. मास्तरांना सिदूचा चौथीतला पेपर आठवला. 'सारखी चित्रे ओळखून जोड्या लावा.' शेळ्या, गाई, कोंबड्या, सगळ्या दोन दोन. सिदूनं एकही रेघ ओढली नव्हती. विचारलं तर म्हणाला होता, "येक बी जोडी सारखी न्हाई गुर्जी." मास्तरांनी भोपळा दिला होता आणि वर एक थप्पड. निरीक्षणशक्ती कमी, असा शेरा मारला होता.

त्यांना एकदम घाम फुटला. गाडीमुळे नव्हे.

"परमेश्वर," मास्तर म्हणाले, "तिसरी बसव. आणि तिचं खोकं मला दे."

रविवारी सकाळी आरोही आली. मास्तरांनी सत्यभामाबाईंना, विजयसिंहांना आणि सिदूला मागे बसवलं, लेकीला शेजारी घेतलं आणि गाडी अंबाजोगाई, केज करत धारूरकडे काढली. घाट उतरले आणि परत फिरले. दुसरं वळण आलं. सत्यभामाबाईंनी खबरदारी म्हणून दही आणलंच नव्हतं.

गाडीनं विचारबिचार काही केला नाही. हूं की चूं न करता ती वळण चढली, पुढचं चढली आणि किल्ला दिसायला लागला तेव्हा आरोही म्हणाली, "बाबा, गाडी तुमचीच. पुन्हा विकायचं नाव काढणार नाही."

मास्तरांनी डाव्या हातानं डोळे पुसले. डाव्या पायासारखाच तोही हात त्या वेळी रिकामा होता, ही बिनक्लचच्या गाडीची मोठीच सोय.

परत येताना केजमध्ये भर रस्त्यात शहादेव आडवा आला.

"बाई, बरं झालं भेटलात! तुमची ही वस्तू कुणी घीना. लोखंड न्हाई, तांबं न्हाई. दोन दिस राखंनं घासली, म्हन्लं चांदीबिंदी निघती का. नुसतं पिलास्टिक! माझी चहाची गाळणी माघारी द्या."

मास्तरांनी जुनी गाळणी हातात घेतली. राखेनं घासून ती लख्ख झाली होती आणि तिच्या पाठीवरचा नंबर स्वच्छ दिसत होता. त्यांनी तिसरीचं खोकं काढलं. आकडा आकड्याला जुळत गेला. उजवा कानही जरा खालीच होता. विजयसिंहांनी ते दोनदा वाचलं आणि खोकं हळूच खाली ठेवलं.

मास्तर मागे वळले.

"सिदू, चौथीच्या पेपरातली ती जनावरं कुणी काढली होती, ठाऊक आहे?"

"सरकारनं आसतील."

"मी काढली होती. त्या वर्षी छापील पेपर आले नव्हते. स्टेन्सिलवर, माझ्या हातानं." मास्तरांनी जुनी गाळणी सिदूच्या हातात ठेवली. "एकही जोडी सारखी नव्हती, सिदू. अख्ख्या वर्गात तू एकटा बरोबर होतास. माझं चुकलं."

"म्हंजी मी पास हुतो?"

"पास काय, पहिला नंबर तुझा."

विजयसिंह अस्वस्थ होऊन सरकले. त्या साली त्यांनी सगळ्या जोड्या जुळवल्या होत्या आणि त्यांचं पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र आजही बैठकीत टांगलेलं होतं.

"पण गुर्जी, माझा तर सत्कार झालता..."

सिदूला त्यांची दया आली. "ऱ्हाऊ द्या गुर्जी. उगं कुणाचं मन कावून मोडायचं? मतदान घ्या."

मग पहिला हात वर गेला. तो विजयसिंहांचा होता, आणि बोट सिदूकडे होतं.