तात्यांचा एकवीस दिवसांचा मध

आमचे शेजारी रंगनाथतात्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, पण साखरेला शिवत नाहीत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मधाची बाटली. कुणाकडेही गेले की बिनसाखरेचा चहा मागतात, त्यात चार थेंब सोडतात आणि घरातल्या लग्न झालेल्या पोराला सगळ्यांदेखत विचारतात, "तू किती चमचे घेतो रं? साखरंनं बीज पातळ हुतं."

मी आत पळते. आमच्या इंग्रजी शाळेत बाईंनी प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. तात्या तो ओट्यावर बसून शिकवतात.

मध अकोले तालुक्यातल्या डोंगरातून येतो. मूल नसलेल्या नवऱ्यांनी सलग एकवीस सकाळी तात्यांच्या ओट्यावर येऊन एकेक चमचा घ्यायचा. बाटली घरी न्यायची नाही.

दादाच्या लग्नाला चार वर्षं झाली. वहिनीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी आई तिला आणखी एका डॉक्टरकडे नेणार होती. दादाच्या तपासणीचा विषय निघाला की तो ताटावरून उठायचा. मधाला मात्र निमूट जायचा.

त्याच्या एकविसाव्या दिवशी मी त्याच्या आधी पोचले आणि धीर करून विचारलं, "तात्या, मध म्हणजेसुद्धा साखरच ना?"

"व्हय. तीस वर्सं रसाची गोडी मोजली, मला कळत न्हाई व्हय?" ते शांतपणे म्हणाले. "तपासाय चल म्हनलं तर एक बी गडी येत न्हाई. मधाला समदे येत्यात."

तेवढ्यात दादा आला. तात्यांनी बाटली काढलीच नाही. आज आपण दोघं नगरला तपासणीला जातोय, म्हणाले. दादा मागे वळला.

"आमच्या हिनं बारा वर्सं उपास केले," तात्या त्याच्या पाठीकडे बघत म्हणाले. "सुया टोचून घेतल्या. मी तेराव्या वर्सी तपासलं. दोष माझ्यात हुता."

ते हळू बोलले नाहीत. आत काकू होत्या, रस्त्यावर दूधवाला होता. एवढं धाडस मी कुठल्याच पुरुषात पाहिलं नव्हतं.

दादा परत फिरला. तात्यांच्या स्कूटरवर मागे बसला. काकू बाहेर आल्या, तात्यांच्या शर्टाची सुटलेली गुंडी लावली. "सावकाश न्या," म्हणाल्या. "पोरगं भ्यालंय."

घरी वहिनी दवाखान्यात जायची साडी नेसून दाराशी बसली होती. मी तिला सांगितलं, आज तपासणीला दादा गेलाय.