तिच्या कपाटाचा वास

लेख पाचपर्यंत द्यायचा होता आणि परीक्षकाच्या नाकाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. समोर अमेरिकन ब्लेंडेड व्हिस्कीची बाटली होती. कुठली दारू कशी लागते हे मासिकात लिहून तो वीस वर्षं पोट भरत होता. पेला फिरवून झाला, नाक आत खुपसून झालं, घोट घेऊन झाला. नळाचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

खरं तर नाक त्याचं आणि शब्द बायकोचे, अशी घरात वाटणी होती. ती थेंबही घेत नसे. नुसता पेला हुंगून म्हणायची, "नव्या दप्तरासारखा वास येतोय," की लेखाचं पहिलं वाक्य तयार. ती जाऊन दोन महिने झाले होते आणि त्यानंतरची ही पहिलीच बाटली. आपलं नाकही तिच्याबरोबर गेलं, अशी त्याची खात्री पटली.

दाराची बिजागरी बदलायला सुतार आला होता. परीक्षकाने लाज गुंडाळून ठेवली आणि पेला त्याच्या नाकाखाली धरला.

सुताराने आधी लेबल वाचलं, मग डोळे मिटले. "लाकूड, साहेब. चांगलं मुरलेलं. मागून थोडा मध."

"मध?"

"मध म्हणजे मधच! डोकंसुद्धा हलकं झालं बघा," असं म्हणून त्याने बिजागरी उलटी बसवली.

परीक्षक आणखीच खचला. तेवढ्यात सासूबाई आल्या. लेक गेल्यापासून त्या इथेच राहत होत्या. दोघं एकमेकांना सांभाळत होते, म्हणजे दिवसातून दोनदा "जेवलात का?" असं विचारत होते.

"आई, जरा हुंगून सांगता? लेखासाठी हवंय."

दारूचं दुकान दिसलं तरी सासूबाई रस्ता बदलत. पण हे लेकीचं काम होतं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरून हुंगला, पुन्हा हुंगला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तिच्या कपाटाचा वास येतोय हो, जावईबापू. लग्नाआधीच्या. खोडरबरं साठवायची त्यात."

आता मात्र परीक्षकाचा धीर सुटला. त्याने संपादकबाईंना फोन लावला.

"बाई, सुताराला वास येतो, सासूबाईंना येतो, मला येत नाही. माझा राजीनामा घ्या."

"कुठल्या बाटलीचा वास?"

"सकाळी पाठवलीत ती."

"अहो, ती फोटोसाठीची! शिपायाने चुकून तुम्हाला दिली. त्यात रंग घातलेलं पाणी आहे. तुमचं एकट्याचंच नाक जागेवर आहे म्हणायचं! खरी धाडते."

अर्ध्या तासात खरी बाटली आली. झाकण काढताच मका, करपलेली साखर, ओकचं लाकूड, शेवटी मिरीचा झटका, सगळं नाकात शिरलं. नाक शाबूत होतं, नोकरीही. फक्त हे सगळं मिळून कशासारखं, ते सांगणारं कोणी नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं.

सासूबाईंनी आपणहून तो पेला नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "शी! यात ती नाहीये. मघाची द्या."

खरं सांगायला परीक्षकाने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने पहिल्या बाटलीतलं पाणी ओतून दिलं. "जपून हं आई, कडक आहे."

त्यांनी मनसोक्त हुंगलं आणि पेला त्याच्यापुढे धरला. "तुम्हीही घ्या. आता येतोय का?"

"येतोय," तो म्हणाला. वासाच्या बाबतीत तो वीस वर्षांत पहिल्यांदाच खोटं बोलला.