फिल्टर भिजी ऱ्हायना

बापूंकडे आलेल्या पाहुण्याने "आता निघायला हवं, गाडीची वेळ होईल," असं म्हटलं, की बापू नाहीसे व्हायचे. घरात नाहीत, ओसरीवर नाहीत, मळ्यात नाहीत. मग कुणीतरी अंगणात जायचं. तिथे दुरुस्तीसाठी खणलेल्या एका खड्ड्यावर त्यांची मोटार उभी असायची आणि मोटारीच्या पोटाखालून खुडबुड ऐकू यायची. थोड्या वेळाने कोपरापर्यंत तेलाने माखलेले बापू वर यायचे. हातात तळहाताएवढी तारेची जाळी. चेहऱ्यावर डॉक्टरने ऑपरेशन करून बाहेर यावं तसं गांभीर्य.

"फिल्टर काढेल शे," ते सांगायचे. "घासलेटमा भिजाडना पडी. आते सकायच जा."

म्हणजे उद्याच जा. पाहुणा कितीही घाईचा असो, त्याचा मुक्काम एका दिवसाने वाढायचा. नंदुरबारचं स्टेशन लांब, एस.टी. सकाळी एकदा यायची आणि आली तर आली. बापूंच्या मोटारीशिवाय जायला दुसरं साधन नव्हतं.

ही गोष्ट पंचावन्न-साठच्या सुमाराची. तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, आमचं सगळं धुळ्यात. तापीकाठच्या त्या गावात मी हायस्कूलवर शिक्षक म्हणून गेलो. मी वाईचा. घड्याळ लावून जेवणारा आणि घड्याळ लावून झोपणारा. आणि नशिबाने शेजार मिळाला तो बापूंचा.

बापू गुजर पाटील. केळी, कापूस, थोडा ऊस, घरचं भरपूर. घरात गुजरी बोलायचे, गावाशी अहिराणी, आणि मी मास्तर म्हणून माझ्यासाठी दोन-चार पुस्तकी शब्द राखून ठेवलेले. ते शब्द ते सणावाराचे कपडे घालावेत तसे वापरायचे आणि लगेच काढून ठेवायचे. बायको वारून बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी कमळ सुरतेला दिलेली. मोठ्या घरात ते एकटे. भाकरी सालदाराची बायको करून जायची. भरीत मात्र बापू स्वतः करायचे, कापसाच्या पऱ्हाटीच्या काठ्यांच्या जाळावर वांगी भाजून. त्या भरताचा वास आमच्या घरात आला की आमची ही हातातली कणीक तशीच ठेवून म्हणायची, "आज कोणाचा तरी फिल्टर काढलेला दिसतोय."

मोटार भली मोठी, परदेशी. सुरतेच्या कुणा गिरणीवाल्याने काढून टाकलेली, बापूंनी हौसेने घेतलेली. तिचे गिअर हाताने टाकावे लागत नसत, आपोआप पडत. गावात याचं इतकं अप्रूप, की सुरुवातीला लोक नुसते गिअर पडलेले बघायला म्हणून बसून यायचे. दिसायचं काहीच नाही, पण परत येऊन सांगायचे, "पडना, पडना." त्या आपोआप गिअरच्या पेटीत तेल, आणि तेल गाळायला ही जाळी. हाच तो फिल्टर.

आता दर खेपेला गाडीची देखभाल करताना हा फिल्टर बदलावा की धुवावा, या प्रश्नावर आमच्या गावात जेवढी चर्चा झाली तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरही झाली नसेल. विसरवाडीचा एक मिस्त्री होता, हमरस्त्यावरच्या ट्रक दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं, बदलून टाका, नवीन घाला आणि वर्ष-दोन वर्षं तिकडे बघू नका. हेडमास्तर म्हणायचे, गिअरची पेटी मुळात उघडूच नये, चालतंय ते चालू द्यावं. बापूंचं तत्त्व तिसरंच. "चांगली वस्तू बदलाले नको, धोवाले जोयजे," ते म्हणायचे. आणि पुढे, "धोवानं तर सावकाश धोवानं. रातभर भिजू द्या."

ते धुणं बघण्यासारखं असायचं. ओसरीच्या मधोमध पितळी परात. परातीत घासलेट, घासलेटात फिल्टर. वरून ताट झाकलेलं, कारण मांजर येतं. भोवती पाहुणे. बापू मधूनमधून ताट उघडून, कढी ढवळावी तसा फिल्टर हलवायचे आणि उजेडाकडे धरून दाखवायचे. "देखा, केवढा मय शे." मय म्हणजे मळ. मला तरी त्यात मळ कधी दिसला नाही. इतक्यांदा धुतलेल्या वस्तूला मळ धरायला सवड कुठली मिळणार. मिस्त्री तर एकदा वैतागून म्हणाला होता, "बापू, जाळी झिजी जाई, पन तुमी धोवानं सोडाऊत नही."

मला पहिला प्रसाद मिळाला तो दिवाळीच्या सुट्टीत. आदल्या दिवशी बापू स्वतः येऊन सांगून गेले होते, "गुरुजी, मी सोडस तुमाले टेसनवर." आम्ही दोघं ट्रंक बांधून सकाळीच तयार. बाहेर येऊन बघतो तर मोटार खड्ड्यावर आणि बापू खड्ड्यात. गाडी चुकली. हिने त्या दिवशी बापूंशी अबोला धरला. तो दुपारपर्यंत टिकला, कारण दुपारी भरीत झालं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली, आणि वाढताना बापूंनी तिला "बेन, आखो थोडं ल्या," असं इतक्या मायेने म्हटलं, की ही ताट पुढे करून बसली. रात्री मात्र मला म्हणाली, "विक्षिप्त आहे हा माणूस. एका फिल्टरपायी माणसांची कामं अडवतो."

गावात याबद्दल तर्क पुष्कळ होते. कुणी म्हणे, पेट्रोल जाळायला जिवावर येतं. कुणी म्हणे, गाडी मुळातच बिघडलेली आहे आणि ते उघड होऊ नये म्हणून हे सोंग. मला दोन्ही पटत नसे, त्याला कारण होतं.

एकदा बापूंचे व्याही, कमळचे सासरे, आले होते, जरा तालेवार. त्यांना सकाळी निघायचं होतं, अर्थातच फिल्टर परातीत. व्याही ओसरीवर चरफडत बसलेले. एवढ्यात मळ्याकडून चार माणसं धावत आली. कापूस वेचताना एका बाईला साप चावला होता. बापू उठले. परातीतला फिल्टर उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला, खड्ड्यात उतरले आणि व्याह्यांची सुपारी कातरून होते न होते तोवर मोटार सुरू. बाईला घेऊन थेट चिंचपाड्याला, मिशनच्या दवाखान्यात. बाई वाचली. संध्याकाळी बापू परत आले तेव्हा व्याही रागाने लाल. "तिच्यासाठी फिल्टर लगेच बसला. मग सकाळी मलाच का नाही सोडलं?"

बापू हात धूत शांतपणे म्हणाले, "तुमाले कोठे साप चावना?"

आणि पुन्हा खड्ड्यात उतरून त्यांनी फिल्टर काढला.

या प्रकाराला शेवटी आळा घातला तो जावयाने. कमळचा नवरा सुरतेच्या कापडबाजारातला, चोख माणूस, मनाने वाईट नव्हे. पण त्याला दर खेपेला एक दिवस ठरवून यावं लागे आणि दुसरा दिवस सासऱ्याच्या फिल्टरला द्यावा लागे. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघं आले. तिकडे खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते, झाडाला झोके बांधतात, बायका गाणी म्हणतात. कमळ झोक्यावर बसली, बापू खाली उभे राहून दोरी हलवत होते. मिशा पांढऱ्या झालेला माणूस, पण दोरी सोडायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई म्हणाले, "बापू, दुपारच्या गाडीने निघतो." बापू नाहीसे. खुडबुड. फिल्टर परातीत. सगळं शिरस्त्याप्रमाणे.

जावई हसले. त्यांनी पिशवीतून एक कोरं खोकं काढलं. "तो भिजू द्या सावकाश," ते म्हणाले. "मुंबईहून मागवलाय. हा लावा. आता धुवायची कटकट नको."

बापूंनी खोकं उघडलं. नवा फिल्टर उलटापालटा करून पाहिला. त्यात काही खोट निघते का, हे ते बघत असावेत. निघाली नाही. ते खड्ड्यात उतरले आणि स्वतःच्या हाताने तो बसवला. कमळ दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघेना, बापाकडेही बघेना, परातीकडे बघत होती. दुपारच्या गाडीला दोघं वेळेवर पोचले.

स्टेशनवरून बापू परतले ते मी पाहिलं. ओसरीवर परात तशीच होती. ते तिच्याजवळ बसले आणि भिजलेला जुना फिल्टर धुऊ लागले. आता तो धुण्याची काही गरज नव्हती. तरी ते धूत राहिले. तारेन् तार पुसली, उजेडाकडे धरली, मळ कुणाला दाखवणार, कुणी नव्हतंच. मग फडक्यात गुंडाळून त्यांनी तो कोनाड्यात ठेवला. मला एकदम भडभडून आलं. इतकी वर्षं हा माणूस फिल्टर धूत नव्हता, आलेल्या माणसाला एक दिवस आणखी ठेवून घेत होता. तोंडाने "रहा" म्हणायला त्याला जमत नव्हतं, एवढंच.

त्यानंतर बापू सुधारले. म्हणजे गाव तसं म्हणू लागलं. पाहुणे आले की वेळेवर जायचे. मोटार खड्ड्यावर न राहता दाराशी उभी राहू लागली. खड्ड्यात पालापाचोळा साठला. कमळ यायची ती सकाळी येऊन दुसऱ्या दिवशी दुपारी परत. पऱ्हाटीच्या जाळाचा वास येईनासा झाला. आमची ही कधी कधी कणीक मळता मळता थांबायची आणि नुसतीच थांबायची.

आणि मग माझी बदली झाली, सातारा जिल्ह्यात. हजर व्हायचं होतं सोमवारी. मी आपला जपून वागणारा माणूस, शुक्रवारीच निघायचं ठरवलं. हिने सगळं सामान बांधलं, स्टोव्ह आणि दोन पातेली मात्र बाहेर ठेवली. मी विचारलं, "हे का नाही बांधलं?" तर म्हणाली, "असू दे. काय सांगावं, लागतील."

सकाळी बाहेर आलो तर मोटार पुसून दाराशी उभी. बापू स्वच्छ कोट घालून बसलेले. "चला गुरुजी, गाडीनी वेळ व्हयनी." मी घड्याळ पाहिलं. उलट पाच-दहा मिनिटं लवकरच होतं. हिचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगू, मलाही वाईट वाटलं. साऱ्या जगासाठी खड्ड्यात उतरलेला माणूस, आणि आज आमच्यासाठी नाही. हिने स्टोव्ह आणि पातेली पोत्यात कोंबली.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा. बापूंचं लक्ष रस्त्यावर, दोन्ही हात चाकावर घट्ट.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "नवा फिल्टर चांगला शे, गुरुजी. काही कुरकूर नही. जमाईनं चांगलं करं." थोडं थांबून म्हणाले, "सगळा येळवर जातस आते."

मागच्या सीटवरून ही म्हणाली, "बापू, आवाज येतोय."

"कसाना आवाज?" बापूंनी गाडी हळू केली. कान लावला. मोटार लोण्यासारखी चालली होती.

"खालून कुठूनसा. त्या गिअरच्या पेटीतून." ही खिडकीबाहेर बघत होती. "नव्या वस्तूचं काही खरं नाही. मला तरी तो जुना बरा वाटत होता."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ काढलं. गाडीला भरपूर वेळ होता. मी घड्याळ परत खिशात ठेवलं.

"मलाही येतोय," मी म्हणालो.

बापूंनी मोटार थांबवली. उपरण्याने तोंड पुसलं, डोळेही पुसले, रस्त्यावर धूळ फार होती. मग मोकळी जागा बघून त्यांनी गाडी वळवली. केळीच्या बागा आता उलट्या बाजूने जाऊ लागल्या.

"जुना कोनाडामा शे," ते हळूच म्हणाले. "पन बेन, बरीच वरीसथून कोरडा पडेल शे. रातभर भिजाडना पडी. आते सकायच जाता येई."

"मग काय करणार," ही म्हणाली आणि पोत्यातून स्टोव्ह बाहेर काढायला लागली. "भिजू द्या."